चौथी खाच

नाना गेल्याची बातमी मोबाइलवर आली. आधी कुटुंबाच्या गटावर जोडलेल्या हातांची दहाबारा चित्रं आली, मग कोण गेलं ते कळलं. नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मी जळगावहून दोंडाईच्याला पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला कुणीतरी माइक आणला होता. वक्त्यांनी नानांना ‘ग्रामीण संशोधक’ करून टाकलं आणि न भरून येणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. नाना असते तर त्यांनी पोकळीचं माप विचारलं असतं. कापसाच्या जिनिंगमधला फिटर माणूस, मापाशिवाय बोलणं त्यांना जमत नसे. मला त्या दिवशी हसूही आलं नाही. या वयात लग्नांपेक्षा दहाव्यांनाच जास्त जाणं होतं, आणि माणूस थकतो...

संशोधन म्हणजे एक लाकडी पापडयंत्र. काही वर्षांपूर्वी अक्का अंगणात पडली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. लाटणं सुटलं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया आज हिच्या, उद्या तिच्या घरी पापड लाटायला बसतात. अक्का कुणाकडे जाऊ शकेना, म्हणून ती कुणाला बोलवेना. दुपारी समोरच्या ओट्यावरचं हसणं ऐकत ती दार लोटून पडून राही. नानांना ते लोटलेलं दार सहन होईना.

त्यांनी मोडक्या बैलगाडीच्या बाभळीच्या फळ्या काढल्या. बाजारात लोखंडी यंत्र मिळतं, असं मी सुचवलं. “तिना हातना मापनं मिळस का तठे?” एवढंच ते म्हणाले. पहिल्या यंत्रातून पापडाऐवजी भाकरी निघाली, दुसऱ्याची फळी चिरली. तिसरं जमलं. खाली पाट, वर फळी, मागे बिजागरीत अडकवलेला लांब दांडा आणि दांड्याच्या पोटाला तीन खाचा. फळी दाबणारा दट्ट्या मागच्या खाचेत बसवला की एका हातानं सहज दाब पडे; पुढे सरकवावा तसा दांडा जड होई, पण मोठा गोळाही मावे. एका मंडळानं नानांचा सत्कार केला. मिळालेली शाल त्यांनी यंत्रावर झाकायला घेतली. सत्काराच्या शालीचा इतका उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्या उन्हाळ्यात अक्कानं डाव्या हातानं, एकटीनं, दोन दिवसांत सगळे पापड केले. समोरच्या कमलवहिनी कौतुकानं म्हणाल्या, “अक्का, आते तुले आमनं काय काम? एकलीच बठ्ठं करस.” आणि दार पुन्हा लोटलं गेलं. नानांचं एवढं माप चुकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या वर्षी गेलो तर दांड्याला चौथी खाच होती, अगदी पुढे, मुठीजवळ. तिथे दट्ट्या बसवला की दोघींनी भार दिल्याशिवाय पापड होईना.

“ही कसाले?” मी विचारलं.

“बायासकरता,” म्हणून त्यांनी कानस झटकली.

यंत्र जड झालंय, असं त्यांनी मान वर न करता कमलवहिनींना सांगितलं. त्या आल्या, मग बाकीच्या आल्या. पुढे यंत्र घरोघर जाऊ लागलं आणि ते लावून द्यायला अक्काही.

मयत झालेल्या घरात वर्षभर पापड करत नाहीत. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा दुपार होती, दार लोटलेलं होतं. बोलता बोलता मी चौथ्या खाचेचं गुपित तिला सांगितलं.

“माले माहीत व्हतं, भाऊ,” ती म्हणाली. “मी दट्ट्या मांगे सरकाडीसन दखेल व्हता.”

“मग?”

“मंग काय. परत पुढे ठेवी दिधा.”

तेवढ्यात कमलवहिनी दारात आल्या. “अक्का, यंत्र ली जास. तू बी चाल, आमले ते कोठे लावता येस?” अक्का भिंतीला हात लावून उठली आणि चपला शोधू लागली.

मी शाल काढली. यंत्र उचलायला सोपं जावं म्हणून चौथ्या खाचेतला दट्ट्या सोडवायला गेलो.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाली. “त्यासनी ठेवेल शे.”