आरशाला टांगलेला थर्मोस्टॅट

किटली म्हणायचे त्या माझ्या शेजाऱ्याबद्दल लिहावं इतका मी त्याला ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, पण बोलणं हवापाण्यापुढे क्वचित गेलं. त्याच्या मनातलं जे इथे येईल ते त्याच्या ताईने पुढे आमच्याकडे बसून सांगितलं त्यावरून. कुठे चुकलं तर चूक माझी धरावी.

तो गोदामात खोकी बांधायचा. व्हायचं होतं ड्रायव्हर, आणि झालाही असता. त्याचे दाजी, म्हणजे या ताईचे यजमान, एका कंपनीच्या गाड्यांवर देखरेख करायचे. "तुला चिकटवतो आमच्याकडे," असा शब्द त्यांनी दिला होता. तेवढ्यात नात्यातलं एक लग्न आलं. सगळे दाजींच्या गाडीतून निघाले आणि दाजींनी हौसेने स्टिअरिंग मेहुण्याच्या हातात दिलं. चढावर गाडी उकळली. बॉनेटमधून वाफेचा लोट, आणि नव्या कपड्यांतली मंडळी रस्त्याच्या कडेला उन्हात. दाजींनी तिथल्या तिथे निकाल दिला.

"रेडिएटरचं झाकण नीट लावलं नाहीस. पाणी उडून गेलं सगळं."

सकाळी पाणी त्यानेच बघितलं होतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. लग्नघरी पोचेपर्यंत त्याचं नाव किटली पडलं होतं. नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली.

झाकण दाबून फिरवल्याचं त्याच्या तळव्याला पक्कं आठवत होतं. पण तळव्याची साक्ष कोण धरतो? पुढे पुढे त्यालाच शंका यायला लागली, आणि ती शंका त्याला नोकरीपेक्षा जास्त लागली. घरात चारजण जमले की दाजी म्हणायचे, "चहा ठेवताय की मेहुण्याला गाडी चालवायला देऊ?" सगळे हसायचे. हाही हसायचा, आणि घरी आल्यावर रात्रीचं जेवण ताटात तसंच ठेवायचा.

"सोडून द्या हो," बायको म्हणायची.

"धरलंय कुठे मी?" तो म्हणायचा.

धरलं होतं. एवढं घट्ट की त्या रागापायी त्याने भंगारातून एक जुनी गाडी आणली आणि सुट्टीच्या दिवशी ती खोलून जोडून सगळं काम शिकला. दाजींच्या गाडीचं बॉनेट एकदा आपल्या हाताने उघडायचं, एवढीच त्याची इच्छा. पण दाजी त्याला गाडीच्या आसपास फिरकू देत नसत.

मग दाजींचे गुडघे गेले. ताईचा फोन आला. "अरे, गाडीत हीटर लावला तरी गारच हवा येते. माझे पाय गोठतात. पेट्रोल नुसतं पिते. काटा कधी वर चढतच नाही. यांना आता वाकवत नाही, तू बघतोस का?"

"थर्मोस्टॅट असेल," तो म्हणाला. "येतो नवा घेऊन."

इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधलं हे एक छोटं दार. इंजिन गार असताना बंद राहतं, तापलं की उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे सोडतं. उघडं अडकलं तर इंजिन तापत नाही, बंद अडकलं तर उकळतं. किटलीला वाटलं, उघडं अडकलं असणार.

सुट्टीचा दिवस होता. ताईची मुलं, सुना, सगळे घरी. दाजी अंगणात खुर्ची टाकून बसले. "पाणी नंतर आठवणीने भर रे, किटल्या. आणि झाकण लाव."

त्याने खाली घमेलं सरकवून रेडिएटरचं पाणी काढलं, वरच्या पाइपची क्लिप सैल केली, दोन बोल्ट काढून थर्मोस्टॅटच्या खाचेवरचं झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. नुसती रिकामी खाच, वर्षानुवर्षांच्या तांबूस साक्याने भरलेली.

त्याने खाच खरवडून साफ केली. एका बोल्टचे आटे गेले होते. "दाजी, तुमचा खिळ्या-बोल्टांचा डबा कुठाय?"

"शेडमध्ये, फळीवर," दाजी म्हणाले, आणि लगेच, "थांब, मी देतो." पण गुडघे उठेपर्यंत किटली शेडमध्ये पोचला होता.

दाजी आयुष्यात काही फेकून देत नसत. डब्याच्या तळाशी, वाकड्या खिळ्यांखाली, जुना थर्मोस्टॅट पडला होता. दार घट्ट बंद. किटली तो घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला.

"ताई, पातेलंभर पाणी उकळत ठेव. आणि सगळ्यांना बोलाव. दाजींनाही."

त्याने जुना आणि नवा, दोन्ही दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले. मंडळी ओट्याभोवती जमली. पाणी तापलं तसं नव्याचं दार हळूहळू उघडलं. जुनं मिटलेलंच. पाणी खदखदायला लागलं तरी मिटलेलंच.

"हे काय आहे, मामा?" थोरल्या भाच्याने विचारलं.

"त्या दिवशी गाडी उकळली ना, ती यामुळे. हे तुझ्या बाबांनी मग स्वतः काढलं आणि डब्यात ठेवलं." तो दाजींकडे वळला. "काढलंत तेव्हाच कळलं ना तुम्हाला?"

दाजी दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "इतक्या वर्षांनी आता काय उकरून काढतोस?"

"झाकण कसं होतं, तेवढं सांगा."

"जाऊ दे ना."

"पाणी आहे अजून पातेल्यात. मला घाई नाही."

ताईने गॅस बारीक केला नाही. नवऱ्याकडे एकटक बघत राहिली. शेवटी दाजी पुटपुटले, "घट्ट होतं."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"झाकण घट्ट होतं," दाजी म्हणाले, आणि खाली बघत बाहेर गेले. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही.

किटलीने नवा थर्मोस्टॅट नीट बसवला, पाणी भरलं, हवा काढली. गाडी चालू करून काटा बरोबर मध्यावर येऊन थांबेपर्यंत बसून राहिला. काम त्याने मुद्दाम चोख केलं. दर वेळी तो काटा मध्यावर येईल, दर वेळी दाजींना दिसेल. एवढ्यावरही त्याचं पोट भरलं नाही. जुना थर्मोस्टॅट त्याने त्याच दोऱ्याने गाडीतल्या आरशाला टांगला.

"दाजी, हा काढायचा नाही," तो म्हणाला.

"नाही काढणार," ताईने उत्तर दिलं. दाजींनी एकदा हात घातला तेव्हा तिने नुसतं "अहो" म्हटलं. थर्मोस्टॅट तिथेच राहिला आणि दर वळणावर काचेला टकटक करत राहिला. ताई सांगायची, तेव्हापासून दाजी मागच्या सीटवर बसतात, आणि तिथूनही तो दिसतोच.

दाजींनी कधी माफी मागितली नाही, आणि किटलीने कधी माफ केलं नाही. त्यानंतर त्याचं जेवण मात्र सुधारलं, असं त्याची बायको म्हणायची.

तो अचानकच गेला. त्याच्या आदल्या दिवशी मी दुधाची पिशवी घेऊन येत होतो आणि तो फाटकापाशी हात पुसत उभा होता. माझ्याही गाडीचा काटा थोडा वर जात होता, म्हणून मी विचारलं, "पाणी बघू का जरा?"

"आत्ताच चालवून आलात ना?"

"हो."

"मग गार होऊ द्या, अण्णा. दुपारी बघा."

"बरं," मी म्हणालो.