जाकीट तेच, मुंडकं नवं

लंडनच्या हॉबर्न भागात जॉब टॅपस्कॉटला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो 'जाकीटवाला'. सव्वीस वर्षं तो तांब्याच्या पत्र्यावर बड्या सरदारांची जाकिटं, बटणं आणि झालरी कोरत आला होता. चेहरे दुसरे कोरत, आणि छापलेल्या चित्राखाली नावही त्यांचंच पडे. "माझ्या हाती चेहरा दिलात तर सरदारसाहेब स्वतःलाच ओळखणार नाहीत," असं जॉब आपणहून सांगत सुटे. पण आपल्या हातचा एक तरी चेहरा दुकानाच्या काचेत लागावा, खाली आपलं नाव असावं, ही त्याची जन्माची आस होती. लग्नात बायकोला, डॉर्कसला, तसा शब्दच देऊन बसला होता. तोही पोटात दारू गेल्यावर.

एका मंगळवारी सरकार कोसळलं आणि चित्रं विकणारा क्रंप धापा टाकत आला.

"टॅपस्कॉट, लॉर्ड बॅसेनफोर्ड प्रधानपदावरून गेले! त्यांच्या पत्र्यावरचं मुंडकं खरवड, नवे प्रधान थर्लबी यांचं बसव. धड राहू दे. शनिवारी काचेत लागलं पाहिजे."

"पण चेहरेवाला?"

"तापानं आडवा झालाय. तूच कोर, आणि खाली नावही घाल तुझं."

"थर्लबी दिसतात कसे?"

"मला काय ठाऊक? आजवर गावाकडे कुत्री पाळत बसले होते. नाक, हनुवटी, दे की काहीतरी!"

जॉबनं जुना चेहरा खरवडला, पत्रा मागून ठोकून सपाट केला आणि कोरणी धरून नुसता बसून राहिला. एक चेहरा आठवेल तर शपथ! जन्मभर माणसं गळ्याखालीच न्याहाळलेली, दुसरं काय होणार? शेवटी दाढीचा आरसा पुढ्यात ठेवला आणि स्वतःलाच कोरून काढलं. सुजट डोळे, बटाट्यासारखं नाक, आणि कपाळावर नसत्या शहाणपणाचा आव.

शनिवारी काचेपुढे ही गर्दी! जॉब मागे उभा राहून ऐकत होता.

"हा देश चालवणार?" एक मासेवाली म्हणाली. "याला घरात बायको तरी विचारते का?"

"जाकीट मात्र झकास आहे हं," एक हमाल म्हणाला.

जॉब सगळ्यांबरोबर खो खो हसला. बाईचं म्हणणं त्याला पटलंच होतं. एवढ्यात डॉर्कस गर्दीतून पुढे घुसली.

"अगं बाई! अहो, हे तर तुम्ही!" तिचे डोळे भरून आले. "शब्द पाळलात हो." मग ती मासेवालीकडे वळली. "आणि हो, विचारते!"

एक प्रत चुलीवरच्या भिंतीवर लागली. आल्यागेल्याला जॉब सांगे, "प्रधान घरातच आहेत, कोळसा आणायला मला पिटाळलंय."

सात आठवड्यांत थर्लबीही गडगडले. क्रंपनं पत्रा आणून टेबलावर टाकला.

"चेहरेवाला बरा झालाय, नवं मुंडकं तो बसवेल. तू फक्त हे खरवड. नावही काढ. जाकिटाला धक्का लागता कामा नये."

तो गेला. जॉबनं हत्यार उचललं, पत्र्यावरच्या आपल्याच तोंडाशी नेलं, आणि हात पुढे जाईना. डॉर्कस मागे येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाकापासून सुरुवात करा," ती हळूच म्हणाली. "त्यालाच जास्त वेळ लागेल."

जॉबला हसू आलं, आणि मग बराच वेळ त्याला ते नाक नीट दिसेना.