भरतीचे नमुने

हिरूताई गेल्याचं तिच्या सुनेनं, रंजनानं, फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळत होतो. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. खाडीच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि मी तो जोडणारही नाही. तरी गेले सहा आठवडे तिचा एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही...

ती मूळची वरोरची, लग्न होऊन डहाणूच्या खाडीकाठी आली. आमच्या दारी मासळी आणायची. मी प्रयोगशाळा सहायक, पण ती मला मास्तरच म्हणायची. ओहोटी लागली की चार बायकांबरोबर चिखलात उतरून शिंपल्या आणि कालवं गोळा करायची. त्यांची जागा नेमकी शहराच्या सांडपाणी केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी खाडीत पडतं तिथे. ते पाणी आपणही तपासत राहावं असं आम्ही काठच्या रहिवाशांनी ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. बाटल्या आणि वही माझी, होडी हिरूताईच्या घरची, वल्हवणारा तिचा नवरा. वर्षभरात चोवीस नमुने घेतले. प्रत्येकाची तारीख, वेळ, तापमान, पाण्यातला प्राणवायू, सगळं लिहिलं. आकडे चांगले होते. एकदा तिच्या ओट्यावर चहा घेताना तिनं विचारलं, “मास्तर, पायाला खाज सुटते हल्ली. आम्ही बायकांनी तिथं उतरायचं की नाही? काय म्हणते तुमची वही?” मी पानं उलटली आणि म्हणालो, “उतरा.”

पुढे एकदा नवऱ्याला ताप होता म्हणून ती स्वतः होडी घेऊन आली. मी बाटली बुडवली तशी ती हसायला लागली.

“भरतीला घेता होय पाणी?”

“ओहोटीला होडी इथवर येते कुठे, ताई? चिखलात रुतते.”

“मग बाटलीत समुद्रच आला की. पाहुणे यायच्या वेळी घर झाडलेलं असतं, तुम्ही तेवढंच बघून जाता.” मग तिचं हसू गेलं. “आम्ही उतरतो तेव्हाचं पाणी कुठल्या पानावर आहे?”

घरी येऊन मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि वही शेजारी ठेवली. चोवीसच्या चोवीस नमुने भरतीचे. वेळ मिनिटापर्यंत लिहिली होती, पाणी चढतंय की उतरतंय हे एकदाही लिहिलं नव्हतं. ओहोटीला चालत जाऊन नमुना घेतो, असं मी तिला सांगितलं. मग शाळेच्या परीक्षा आल्या, मग गुडघा दुखत होता, मग पावसाळा... तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

केंद्राचं पाणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच. आणि माहीत नसताना मी तिला उतरा म्हणालो होतो.

परवा ओहोटीला गेलो. रंजना पुढे, मी मागे, चिखल गुडघ्यापर्यंत. केंद्राचं पाणी खाडीत पडतं त्या तोंडाशी ती थांबली, वाकून मूठभर चिखल उचलला आणि नाकाशी नेला.

“सासूबाई असंच करायच्या,” ती म्हणाली. “वास बदलला की सगळ्यांना माघारी फिरवायच्या. मधे सोडलं होतं. म्हणाल्या, मास्तरांची वही आहे, आता नाक कशाला.”

मी मनात मोजलं. त्या चहापासून होडीच्या दिवसापर्यंत पाच महिने.

बाटली भरून मी झाकण लावलं. निकाल यायला पाच दिवस लागणार होते, आणि ओहोटी तासाभरात संपणार होती. टोपली घेतलेल्या बायका काठावर उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. रंजनानं ती मूठ माझ्यापुढे धरली. मी वास घेतला, पुन्हा घेतला... मला काही कळलं नाही. हिरूताईला कळलं असतं.