भाषणांमागचा तानपुरा
बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला की मला समुद्रकाठच्या उत्तन गावातली ती संध्याकाळ आठवते. तिथल्या सभागृहात एक वयस्कर गायिका मारवा हा मावळतीचा राग गाणार होत्या. इंटरनेटवरच्या एका गटात ओळख झालेल्या माझ्या नॉर्वेतल्या मित्राने अशी मैफल थेट कधीच ऐकली नव्हती. तो बस चालवायचा. खास सुट्टी घेऊन बसला होता. मी त्याला फोन लावून मोबाइल मंचाच्या कडेला ठेवला. पण आधी सत्कार. प्रत्येक पाहुण्याला शाल, नारळ आणि मग त्याचे मनोगत. बाहेर सूर्य समुद्रात बुडाला, मारव्याची वेळ टळत चालली आणि फोनची बॅटरीही उतरत चालली. शेजारच्या कोळीण मावशी म्हणाल्या, "गानं कसलं, अजून चार नारल हायत!" अखेर गायिकेचे नाव पुकारले आणि नेमका फोन बंद पडला. घरी येऊन माफी मागायला चार्जर लावला, तर त्याचा निरोप आधीच आलेला: 'भाषा कळत नसल्यामुळे भाषणांचा त्रास झाला नाही. मागे कुणीतरी तासभर तानपुरा जुळवत होतं. एक तार सारखी उतरायची, ते तिला पुन्हा वर आणायचे. शेवटी जुळली ना?' मी त्या तानपुऱ्याकडे लक्षच दिले नव्हते. त्या तानपुऱ्यापासून दहा हातांवर बसून मी तासभर नारळ मोजत होतो. आजही सत्कार सुरू झाले की भाषणे मी ऐकत नाहीच, पण मागे तानपुरा जुळवणाऱ्याकडे कान असतो.