गुण न आलेला बिब्बा
परवा सुनेच्या टाचेची भेग शेकायला बिब्बा तापवला आणि त्याच्या जळकट, तेलकट वासाने मी थेट साक्रीला जाऊन पोचले. देश अजून इंग्रजांचा होता, मी त्या घरात नवी सून होते. सासूबाईंच्या छातीत गाठ झाली होती, म्हणून वैद्य आले होते. त्यांनी सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला, तसे त्याचे काळे थेंब चर्र करत पेल्यातल्या दुधात पडले. पेला देता देता ते थांबले. “अक्का, सुजेवर हे चालतं. या गाठीवर चालेल का, मला ठाऊक नाही.” बिब्बा उतून तोंडात फोड येऊ नयेत म्हणून सासूबाईंनी आतून तूप फिरवलं आणि म्हणाल्या, “मंग मन्हावर करी पहा, नाना. गुण नही ऊना तं दुसरी बाईले देऊ नका.” अंगावर फोड उठले तरी हिवाळाभर त्यांनी ते दूध घेतलं. गाठ बसली नाही. होळीच्या आधी त्या गेल्या. पुढे एका बाजारच्या दिवशी मी मुलाचा खोकला दाखवायला वैद्यांकडे बसले होते. डोंगराकडची एक बाई तशीच गाठ घेऊन आली आणि तिने बिब्बाच मागितला. “नाही,” वैद्य सगळ्यांदेखत म्हणाले, “मी एका बाईला दिला होता, उपयोग झाला नाही. तुम्ही धुळ्याला मोठ्या दवाखान्यात जा, आजच.” आता झाडपाल्यातून कर्करोगावर औषधं शोधतात आणि त्यातली बहुतेक फुकट जातात, असं नातू सांगतो. फुकट कशी जातील? ती डोंगराकडची बाई वैद्यांचं ते ऐकून तिथून उठली आणि धुळ्याच्या मोटारीत बसली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.