पंगतीचं गणित

नागपुरात महाल भागातल्या ज्या खानावळीत मी रोज दुपारी जेवतो, तिथला आचारी कुठलाही वेढा पोळपाटावर निकालात काढतो. मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळे विषय निघतोच. तो एकच विचारतो, "आत माणसं किती, सर?" तोफा, तटबंदी, शौर्य यांत त्याला रस नाही. पोळपाटावर पीठ भुरभुरवून बोटानं आकडे मांडतो आणि किल्ला कधी पडेल ते सांगतो, तेही तव्यावरची पोळी करपू न देता.

परवा मी त्याला गणित घातलं. गडावर माणसं तीनशे, धान्य नव्वद क्विंटल, कुमक तीन महिन्यांनी येणार.

"माणशी अर्धा किलो धरा. रोजचं दीड क्विंटल जाऊन राहिलं. साठ दिवसांत पडते किल्ला."

"म्हणून किल्लेदारानं म्हातारे, लेकरं, आजारी अशी शंभर माणसं बाहेर काढली. आता?"

दोनशे माणसांना ते धान्य बरोबर नव्वद दिवस पुरतं. हे त्यानं मनात केलंही असणार, पण त्याचं बोट थांबलं. तव्यावरची पोळी करपली. मग त्यानं पिठातला अर्धा किलो पुसला आणि तीनशे तसेच ठेवले.

"सगळ्याईच्या पानात कमी वाढू, सर. पंगतीत बसलेल्याले कोणी उठवते काय?"

वीस वर्षं मी वर्गात ती युक्ती किल्लेदाराची हुशारी म्हणून शिकवली आहे. करपलेली पोळी मी माझ्या पानात मागून घेतली.