गोजाबाईचा गुरुवार

"आजच्याला येऊ नये, एवढं तरी कळाया पायजे व्हतं तुला."

"आज गुरुवार आहे, म्हणूनच आलो, मावशी."

"मावशी म्हनत म्हनत गळा कापतोस व्हय रं?"

"गळा कोण कापतंय? मी माणसं मोजतोय."

"खाटा मोज की! आठ हायेत. नियमात हायेत. आधीचा साहेब दर खेपेला मोजून, चहा पिऊन जायचा."

"तो सोमवारी यायचा."

गोजाबाईनं हातातलं झाकण पातेल्यावर आदळलं. चिंचेखाली कपडे धुणारा एक जण ओरडला, "मावशी, साहेबांना चहात साखर जास्त घाला, म्हंजे माणसं कमी दिसतील!" बाकीचे हसले. साहेब हसला नाही.

साहेब म्हणजे भीमराज, नगरपालिकेचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. चिंचवडात नव्यानं बदलून आलेला. पण हे अंगण त्याला नवं नव्हतं.

गोजाबाईचं रान कारखान्यात गेलं, बैल विकले. नवरा त्याच कारखान्याच्या गेटावर वॉचमन झाला आणि एका तापात गेला. मागं राहिला रिकामा गोठा. तिनं गव्हाणी फोडल्या, जमीन सारवली, आठ खाटा टाकल्या आणि कामगार ठेवले. एका खाटेवर दोघं: एक रात्री झोपायचा, दुसरा रातपाळी करून दिवसा. सोमवारी दुपारी कुणीही येऊन बघावं, आठ खाटा, आठ माणसं. पण गुरुवारी कारखान्यांना सुटी. त्या दिवशी सगळेच घरी. कोणी ओट्यावर, कोणी पत्र्यावर, कोणी चिंचेखाली. हे बाहेरच्याला कुठून ठाऊक असणार?

भीमराजला ठाऊक होतं. बीडकडून ट्रंक घेऊन तो पिंपरीत उतरला, तेव्हा जागेसाठी गल्लीगल्ली हिंडला होता. "गाव कुठलं?" मग "आडनाव काय?" आणि मग, "खोली कालच दिली हो." गोजाबाईनं मात्र मिश्री लावता लावता एवढंच विचारलं होतं, "दिवसपाळी का रातपाळी?"

अर्धी खाट मिळाली. उरलेली अर्धी भैरूची. दोघं जागेपणी भेटायचे ते गुरुवारीच. चादर धुवायची, दोन टोकं दोघांनी धरायची आणि पिळायची. एरवी भैरू म्हणजे फक्त ऊब. थंडीत रातपाळीहून यावं, तर त्यानं नुकतंच सोडलेलं अंथरूण गरम असायचं. भीमराजला त्याचं केवढं सुख वाटे! मग भैरू खोकायला लागला. गावी गेला तो परतला नाही. आणि पुढच्या वर्षी भीमराजनं छातीच्या दवाखान्यात क्षयाची इंजेक्शनं घेतली. बरा झाल्यावर कारखाना सोडून त्यानं सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स केला.

आता गोठ्याच्या कोपऱ्यात कोंडीराम खोकत होता. तोंडावर टॉवेल दाबून, साहेबाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"त्याच्या खाटेवर दुसरा कोण असतो?"

"चिमाजी. त्यो काय, पत्र्यावर बसलाय. पुढल्या म्हैन्यात लगीन हाय त्याचं."

"मावशी, भैरू आठवतो?"

"आठवतो. पेज करून घालीत व्हते त्याला. मी न्हाई हाकलला."

"तेव्हा हाकलला असतात, तर मला झालं नसतं."

अंगणातलं हसणं थांबलं. गोजाबाईनं पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"हाकलनारी असते," ती हळू म्हणाली, "तर तुला आत घेतला असता व्हय रं, भिवा?"

भीमराजनं मान फिरवली. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर हात ठेवून तो बोलत राहिला. इथं खिडकी पाडायची. खाटेमागं एकच माणूस. कोंडीरामला मी आत्ता दवाखान्यात नेतो, त्याचं अंथरूण जाळून टाका, चिमाजीलाही उद्या तपासायला पाठवा.

"खिडकी पाडीन. बैलांना न्हवती, मानसांना पाडीन. अंथरूनबी जाळते. चिमाजीला मी स्वता घेऊन येते." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "पन बाकीची अर्धी मानसं काढायची कशी, त्ये सांग. काय इचारून काढू? मला एकच इचारता येतं, दिवसपाळी का रातपाळी. आता आडनाव इचारू? का गाव इचारू? तुमच्या नियमात काय लिवलंय?"

"नियमात माणशी जागा लिहिलीय."

"आन काढलेला मानूस कुठं जायचा, त्ये?"

भीमराजनं कोंडीरामला हात देऊन उठवलं. त्याची ट्रंक उचलली. त्यानं स्वतः बीडकडून आणली होती तशीच पत्र्याची ट्रंक, कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली. पत्र्यावरचा चिमाजी खाली उतरला आणि चार पावलं लांबच उभा राहिला. कोंडीराम त्याला म्हणाला, "भावा, चादर धुवून ठेवलीय रे मी."

गोजाबाई दारापर्यंत आली.

"भिवा, रागानं न्हाई इचारत. तू पुन्यांदा येशील तवा कवा येशील? सोमवारी, का गुरुवारी?"

ट्रंक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, कोंडीरामला पुढं घालून, भीमराज बाहेर पडला.